वाट दिली

मोटारसायकलींचे दिवे अजून आपसात बोलत होते, तेव्हाची गोष्ट. एका मोटारसायकलच्या म्हाताऱ्या दिव्याशेजारी दोन नवे झगझगीत दिवे बसवले. बसवताना गाडी रिकामीच उभी होती. तिन्हीसांजेला मालक, मालकीण, दोन पोरं, वर पिशव्या, अशी सगळी लादली गेली. मागची बाजू दबली आणि नव्यांची तोंडं वर झाली.

"पोरांनो, पुलावर समोरून स्कूटर येतेय, चालवणारीच्या पुढ्यात तिचं मूल उभं आहे! त्या आईच्या डोळ्यांत जाताय. मिटा जरा!" म्हातारा ओरडला.

"आजोबा, तुम्हाला नीट दिसत नाही म्हणूनच आणलंय आम्हाला."

स्कूटरचा छोटा दिवा डगमगला, पुलाच्या कडेला सरकला आणि खाली दिसेनासा झाला.

"बघा, वाट दिली तिनं!" नवे खूश झाले.

म्हाताऱ्याला मागे वळून बघायचं होतं. पण दिव्यांना फक्त पुढचंच दिसतं.