सारंगी आणि स्क्रू

"काहीच वाजत नसताना, उस्ताद, हा एवढा तापायचा कशाला?"

सुधन्वा समोरच्या ॲम्प्लिफायरबद्दल बोलत होता.

मिरजेत तांबोळी उस्ताद असली जुनी यंत्रं दुरुस्त करत. डिप्लोमा करून सुधन्वा तीन वर्षं त्यांच्याकडे शिकत होता. एकट्याने मशीन उघडायची परवानगी मात्र अजून मिळाली नव्हती. आज ती मागायचीच, असं ठरवून तो आला होता.

चाळीस वर्षांपूर्वीचा ॲम्प्लिफायर. डाव्या-उजव्या आवाजाला वेगवेगळा ट्रान्सफॉर्मर, कडेला उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या. उस्ताद म्हणाले, हा गप्प असतानाच जास्त तापतो. गायला लागला की जरा निवतो. करणाऱ्याने तसाच केलाय.

सुधन्वा हसला. फुकट वीज जाळायची ही जुन्यांची खोड, म्हणाला. आतला बारीक स्क्रू फिरवून त्याने कालच विजेचा प्रवाह कमी केला होता. न विचारता. आता पट्ट्या थंडगार होत्या.

उस्तादांनी सारंगीची तबकडी लावली. आधी मोठ्याने. मग आवाज अगदी बारीक केला.

"प्रवाह कमी पडला की बारीक सुराला खरखर येते. ऐकलीस?"

"हो."

त्याला खरखर ऐकू आली नव्हती.

उस्तादांनी स्क्रूड्रायव्हर आत घातला. मनगट वळवलं.

"आता?"

"आता साफ झालं," सुधन्वा लगेच म्हणाला.

...

उस्तादांनी त्याला खूण करून वाकायला लावलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या शेजारी होतं. नुसत्या पत्र्यावर टेकलेलं.

सुधन्वाचे कान तापले. सारंगी चालूच होती.

मग उस्तादांनी खरोखर स्क्रू फिरवला. जरासा. पट्ट्या तापेपर्यंत दोघं बसून राहिले. चहा आला, तसाच निवला. उस्तादांनी तीच तबकडी पुन्हा लावली.

"आता?"

सुधन्वाने डोळे मिटले. हो म्हणावं, तर मघासारखंच. नाही म्हणावं, तर तीन वर्षं पाण्यात.

सूर संपत आला...

"नाही कळत, उस्ताद."

उस्ताद उठले. मांडणीवरून दुसरा, बंद पडलेला ॲम्प्लिफायर दोन्ही हातांनी उतरवून त्यांनी त्याच्यापुढे ठेवला.

"हा तू एकट्याने उघड."