मैनेवरची गोधडी

आवडा कासारणीनं राजाच्या मैनेवर गोधडी टाकली, म्हणून शिपायांनी तिला बांगड्यांच्या टोपलीसकट दरबारात आणून उभं केलं.

मैना म्हणजे पक्षी नव्हे. मुठीएवढी डबी, डोक्यावर निळा दिवा. "मैने, ऊठ" म्हटलं की दिवा लागायचा आणि डबी बोलायची. बाजारभाव सांगायची, पोराला अंगाई म्हणायची. दिवा विझला की ती झोपली. झुंबरशेटनं ती परमुलखातून आणली आणि घरोघर फुकट वाटली. फुकट वाटणारा शेट हिवरगडात आजवर कुणी पाहिला नव्हता. पण मैना असली की चोरांची बोबडी वळेल, असं शेटनं राजे रणधीर यांच्या गळी उतरवलं. राजांनी हुकूम काढला: घरोघरी माजघरात मैना हवी, आणि ती उघडी हवी.

आवडाचं दुखणं वेगळंच होतं. बाई बोलत असली की तिचा हात सैल पडतो आणि बांगडी सरकन चढते. कासाराची अर्धी विद्या तीच. पण कुंभाराच्या सुनेनं झोपलेल्या मैनेपुढे तवा तडकल्याचं रडगाणं गायलं, आणि संध्याकाळी शेटचा माणूस तवे घेऊन दारात! न्हाव्याची बायको केस गळतात म्हणाली, लगेच तेल हजर. तेव्हापासून बायका तोंड शिवून बसू लागल्या. हात लाकडासारखे ताठ. बांगड्या तडातड फुटायच्या आणि नुकसान आवडाचं. म्हणून ती घरात शिरली की आधी मैनेला जाड गोधडीत गुंडाळी, मग टोपली उघडी.

आवडानं दरबारात हे सगळं सांगितलं, तशी शेटनं कानांवर हात ठेवले. झोपलेली मैना ऐकत नाही, तवा आणि तेल हा निव्वळ योगायोग, असं तो शपथेवर म्हणाला. राजांना गोधडीचाच जास्त राग होता.

"ज्याच्यापाशी लपवण्यासारखं काही नाही, त्यानं झाकायचं कशाला?" ते म्हणाले.

दरबारानं माना डोलावल्या. दरबाराला दुसरं काम नसतं.

मग राजांनी अट घातली. झोपलेली मैना ऐकते, हे उद्याच्या दरबारात सिद्ध करायचं. मैनेला हात लावायचा नाही. साक्षीदार आणायचा नाही. आणि कबुली हवी ती खुद्द झुंबरशेटच्या तोंडून! नाही जमलं तर टोपली जप्त आणि कासारीण हद्दपार. शेट इतका हसला की पगडी सावरावी लागली.

आवडानं पदर खोचला. "बरं महाराज. पण आज राणीसाहेबांना चुडा भरायचाय, तेवढा भरू द्या. उद्या मी गेले तर त्यांचे हात मोकळे राहायचे."

एवढ्याला राजे नाही कशाला म्हणतील?

राणीच्या महालात मैना चांदीच्या चौरंगावर झोपली होती. दिवा विझलेला. दासींना राणीनं बाहेर पाठवलं होतं. आवडानं राणीचा हात हातात घेतला आणि मोठ्यानं उसासा टाकला.

"राणीसाहेब, महाराजांची मूळव्याध आता कशी आहे?"

राणी दचकली. आवडानं डबीकडे भुवई उडवली. राणीलाही त्या डबीपायी कित्येक दिवसांत मनमोकळं बोलता आलं नव्हतं. तिनं ओठ दाबून हसू आवरलं.

"काय सांगू आवडे, सिंहासनावर बसतात ते निवडुंगावर बसल्यासारखे. लाजेपायी वैद्याला सांगत नाहीत."

चुडा सगळा चढला. एकही बांगडी फुटली नाही.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. राजांनी आवडाला विचारलं, पुरावा कुठाय? ती म्हणाली, येईलच इतक्यात. आणि झुंबरशेट आलाच. मागं नोकर, नोकराच्या डोक्यावर रेशमी गादी. गोल, मऊ, मधोमध भोक पाडलेली. राजघराण्याचं गिऱ्हाईक मिळतंय म्हटल्यावर शेट कालची अट साफ विसरला होता. तो थेट सिंहासनापाशी गेला आणि राजांच्या कानाला लागला.

"मूळव्याध? कुणाला?" राजे ओरडले.

मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. प्रधान छताकडे पाहू लागले. सेनापतींना खोकला आला.

आवडा पुढं झाली. "शेटजी, महाराजांचं दुखणं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अगं, राणीसाहेबच काल म्हणाल्या ना, चुडा भरताना…"

बोलला आणि त्यानं जीभ चावली. आवडानं त्याला सावरायला वेळच दिला नाही.

"काल महालात मी होते, राणीसाहेब होत्या, आणि तुमची मैना होती. झोपलेली. दुखणं तर मी तिथंच बसून रचलं. ते जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नाही."

शेटची पगडी या खेपेला खालीच पडली.

पण राजांचं लक्ष शेटकडे नव्हतंच. सगळा दरबार त्यांच्या बैठकीकडे चोरून बघत होता. ते लालबुंद झाले. मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितके दरबारी मिशीत हसत.

"कासारणी, तू जिंकलीस," राजे गरजले. "पण हे कसं निस्तरू? यांची खात्री कशी पटवू?"

"त्यात काय महाराज?" आवडा म्हणाली. "लपवण्यासारखं काही नसेल तर झाकायचं कशाला, हे तुमचंच बोलणं. उठा, पाठ फिरवा, आणि दाखवा सगळ्यांना."

दरबाऱ्यांनी माना खाली घातल्या. मग पडद्याआड राणी फिस्सकन हसली. राजांनी पडद्याकडे पाहिलं, गादीच्या भोकाकडे पाहिलं, आणि ते असे हसत सुटले की त्यांना खरंच सिंहासनावर बसवेना.

त्याच दिवशी आवडाला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या आणि हिवरगडातल्या सगळ्या मैना गोळा करून हद्दपार झालेल्या शेटच्या बैलगाडीत भरल्या गेल्या. गादीही राजांनी त्यालाच परत दिली. परमुलखाची वाट लांबची, आणि बैलगाडी फार आदळते.