टिकली मासोळी आणि गढूळ डोह

एक होती मासोळी. टिकलीएवढी. म्हणून नाव टिकली. ती आईबरोबर नदीच्या डोहात राहायची.

एक दिवस काय झालं? पाणी गढूळ झालं. अगदी चहासारखं! टिकलीला आई दिसेना.

टिकली निघाली. सुळ्ळ सुळ्ळ!

"पाणीदादा, पाणीदादा, निवळ ना!
पाणी निवळेना, मला आई दिसेना."

पाणी म्हणालं, "रेती बसेल, तर मी निवळेन. जा!"

टिकली निघाली. सुळ्ळ सुळ्ळ!

"रेतीताई, रेतीताई, खाली बस ना!
रेती बसेना, पाणी निवळेना, मला आई दिसेना."

रेती म्हणाली, "बाई थांबेल, तर मी बसेन. जा!"

बाई कोण? फुलवंताबाई. ती लाकडी पाटीत रेती घ्यायची. डोहात धुवायची. खळ्ळ खळ्ळ! रेतीतून सोन्याचा कण शोधायची. कण केवढा? मुंगीच्या डोळ्याएवढा!

"फुलवंतामावशी, थांब ना!
बाई थांबेना, रेती बसेना, पाणी निवळेना, मला आई दिसेना."

"कशी थांबू वं? बाळ माझं उपाशी. बाळ जेवेल, तर मी थांबेन. जा!"

टिकली निघाली. सुळ्ळ सुळ्ळ! काठावर बाळ रडत होतं. ट्यँ ट्यँ!

"बाळा, बाळा, जेव ना!
बाळ जेवेना, बाई थांबेना, रेती बसेना, पाणी निवळेना, मला आई दिसेना."

बाळ म्हणालं, "काकू देईल, तर मी जेवेन. ट्यँ!"

काकू कोण? नावेतली दुर्पताकाकू. ती तर मासे धरायची! टिकली घाबरली. पण गेली बिचारी. सुळ्ळ सुळ्ळ!

काकूच्या मांडीवर टोपली. टोपलीत उकडलेले शिंगाडे.

"काकू, काकू, शिंगाडे दे ना!
काकू देईना, बाळ जेवेना, बाई थांबेना, रेती बसेना, पाणी निवळेना, मला आई दिसेना."

काकू फणकारली. "मी नाही देत जा! त्या फुलवंतानं डोह गढूळ केला. माझं जाळं रिकामं. पाणी निवळेल, तर मी देईन!"

अरे देवा! पाण्यापासून निघालो, पाण्याशीच आलो. आता जायचं कुणाकडे?

टिकली रडली. बुळुक बुळुक. बाळ रडलं. ट्यँ ट्यँ.

काकूला काही राहवेना. "भांडण आमचं मोठ्यांचं. लेकरं काऊन रडतील वं?"

काकू उतरली. शिंगाडा सोलला. बोटानं कुस्करला. बाळाला भरवला. मटक मटक!

"फुलवंते, तूही खा. अन् काठावर खड्डा खण. रेती त्यात धू. डोहात नको."

"बरं वं बाई," फुलवंता म्हणाली.

काकूनं दिलं, बाळ जेवलं.
बाळ जेवलं, बाई थांबली.
बाई थांबली, रेती बसली.
रेती बसली, पाणी निवळलं.

टिकलीनं वळून पाहिलं. मागं कोण? आई!

"आई गं! कुठं होतीस?"

"तुझ्या मागंच होते, सोनुल्या. तुझा आवाज ऐकत ऐकत येत होते."

डोह झाला नितळ, पिल्लू आईजवळ!