फणसाची फांदी

कोंबड्या फणसाच्या झाडावर झोपायच्या, त्या काळची ही गोष्ट. भातगिरणीच्या दारात कण्या खाऊन खाऊन ढब्बी कोंबडी इतकी जाड झाली, की तिला फांदी गाठता येईना. खाली झोपावं तर कोल्ह्याची भीती! मग तिने कण्या कमी केल्या, अंगणभर पळून किडे टिपले. महिन्याभरात ती भुर्रकन फांदीवर जाऊन बसली.

"जमलं बाई एकदाचं!" म्हणत दुसऱ्या दिवशी तिने कण्यांवर ताव मारला. मग रोजच मारला. आठवड्याने उडी मारली, तर धप्पकन खाली!

"सगळी मेहनत पाण्यात गेली," ढब्बी रडू लागली. "आता झोपते खालीच. खाऊ दे कोल्ह्याला."

फांदीवरची म्हातारी तुरेवाली आजी हसली. "अगं, सकाळी मीसुद्धा खाली उतरतेच की! संध्याकाळी पुन्हा चढते. सात वर्षं झाली, फांदी काही माझ्यासाठी वीतभरही खाली आली नाही. अजून उजेड आहे, मार उडी."

ढब्बीने पंख झटकले आणि उडी मारली. ती कशीबशी कुंपणाच्या भिंतीवर पोचली आणि तिथेच झोपली. फांदी अजून दोन हात वर होती, पण कोल्हा चार हात खाली होता.