जिन्याचं भाडं

लोकांच्या फजितीचे किस्से मी गल्ल्यावर बसून खूप रंगवले. आज स्वतःचा सांगतो, सांगताना अजून कान तापतात.

बदलापुरात माझं कापडाचं दुकान आहे. मोजून झाल्यावर वर चार बोटं कापड जास्त देतो, याचा मला कोण गर्व! तिथेच मी एक वन बीएचके घेतला आणि भाड्याने द्यायला काढला.

जागा बघायला कुंदा गायधनी नावाच्या नर्सबाई आल्या, सोबत म्हातारी आई. महिनाअखेर त्यांना जुनी खोली सोडायची होती. मी ऐटीत म्हणालो, "सहाशे चौरस फूट. फुटाला पंचवीस, म्हणजे पंधरा हजार. घासाघीस चालणार नाही."

"नाही करत, शेटजी. फक्त एकदा मोजू या."

मोजलं. भरलं चारशेच.

"अहो ताई, उरलेले दोनशे जिन्याचे, लिफ्टचे. सगळीकडे असंच धरतात."

"बरं. उद्या पडद्यांसाठी तुमच्याकडे सहा मीटर कापड मागितलं, तर चार मीटर हातात देऊन उरलेलं दुकानाच्या पायऱ्यांत धराल का?"

आई पदराआड हसली. माझी मान वर होईना. बिल्डरने मला हेच माप लावलं, तेव्हा मी त्याला महिनाभर शिव्या घातल्या होत्या.

"दहा हजार," मी पुटपुटलो आणि किल्ली आईंच्या हातात दिली. कुंदाताईंकडे बघायची हिंमतच झाली नाही.