कलंडलेली फुलदाणी

आंबेखिंडीच्या राजेसाहेबांची मान फार ताठ. आपण कुणापुढे वाकत नाही, हे ते आल्यागेल्याला ऐकवत. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी वरमालेच्या फुलांचं चित्र काढवून घेतलं. दरबारची चितारीण गोदाक्का हिने फुलदाणी काढली, फुलंही काढली. पण त्यात पाकळी म्हणून दिसेना. लालात पांढरं विरघळलेलं, आणि फुलदाणी एका अंगाला कललेली.

भर दरबारात राजेसाहेब कडाडले, "ही फुलं की रंगांचा चिखल? गुलाब आहे की शेवंती, ते सांगा. नाहीतर कुंचले गुंडाळा आणि वेशीबाहेर व्हा!"

गोदाक्काने पदर खोचला. "सांगते की. पण अंतरपाट सरला तेव्हा सरकारांना कोणती फुलं दिसली, ते आधी कळू दे."

"गुलाब!" शेजारी राणीसाहेबांची भुवई वर गेली, तसे राजेसाहेब गडबडले. "नाही, शेवंती... अहो, तेव्हा फुलांकडे कोण बघतंय? यांचा चेहरा दिसला, छातीत धडधडलं, लाल-पांढरं काहीतरी डोळ्यांपुढून गेलं, एवढंच!"

"मी तेवढंच काढलंय, सरकार."

राणीसाहेब गालात हसल्या. पण इतक्यात हार मानतील तर ते राजेसाहेब कसले! "ते असो. फुलदाणी का कलंडली?"

"ती सरळच आहे," गोदाक्का म्हणाली. "वरमाला घालून घ्यायला सरकारांनी मान वाकवली होती ना? वाकल्या मानेनं ती अशीच दिसते."

चित्र दरबारात लागलं. आपण वाकत नाही, हे मात्र राजेसाहेब त्याच्यासमोर पुन्हा कधी म्हणाले नाहीत.