पालवाईचा न पाहिलेला कौल

समोर काळा पाषाण दिसतो ना, तीच पालवाई. दोन्ही खांद्यांवर जास्वंदीच्या ओल्या पाकळ्या आहेत, त्या सकाळी कुणीतरी लावून गेलंय. नमस्कार करा आणि बाहेर चला. इथे थांबून बघायचं नसतं. इतर गावांत देवीला कौल लावला की पाकळी पडेपर्यंत माणसं डोळ्यांत तेल घालून बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या नेरवंड्यात पाकळी लावायची, पाठ फिरवायची आणि निघायचं. मी बाबी गुरव. देवीची पूजा पिढ्यान् पिढ्या आमच्याच घराकडे आहे. ही रीत का पडली ते माझ्याकडूनच ऐका, कारण चूकही आमच्याच घरातली.

खूप जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. त्या साली डोंगरातल्या कळकाला फुलोरा आला. कळक म्हणजे आपला जाडा बांबू. माणसाच्या जन्मात एखाद्या वेळीच तो फुलतो, आणि त्याचं बी खाऊन उंदीर माजतात. डोंगरातलं बी संपलं तसे उंदीर शेतांत उतरले. भात लोंबीत होतं, ते गेलं. मागोमाग नाचणी गेली. घरात शिरून त्यांनी कणग्यांतलं बियाणंसुद्धा संपवलं. मार्गशीर्षात चूल पेटवायला कारणच उरलं नव्हतं, असं सांगतात.

खाण्याजोगं काही होतं ते फक्त देवळाभोवतीच्या या राईत. इथे कडू करांदे चिक्कार. वेलाचा कंद तो. चिरून, उकडून रात्रभर झऱ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवला की त्याचा कडूपणा उतरतो आणि पोटाला आधार होतो. पण राई पडली देवीची. इथली वाळकी काटकी उचलायची झाली तरी आधी कौल घ्यावा लागे. घराघरांत माणसं उपाशी होती, तरी कुणी राईत कुदळ घातली नाही. आज तुम्हाला ते वेडेपण वाटेल. त्यांच्यापाशी देवीशिवाय दुसरं काही राहिलंच नव्हतं, तिला कसं दुखवणार?

तेव्हा गुरव होता धाकू. त्याचा मुलगा धान्य शोधायला घाटावर गेला तो परतलाच नाही. घरी सून आवडू आणि चार वर्षांची नात येसू. येसू इतकी खंगली होती, की रडायचीही थांबली होती. कौल लावायचं ठरलं तेव्हा अशा लेकराला थंडीत राईत आणायचं धाडस आवडूला झालं नाही. तिने येसूला शेजारच्या आंधळ्या म्हातारीच्या मांडीवर दिलं. तासाभरात येते म्हणाली, म्हणे.

धाकूने पाकळ्या लावल्या, करांदे खणायची परवानगी मागितली. त्या काळी नियम असा, की कौल पडेपर्यंत गुरवाच्या घरातल्या कुणी देवळातून उठायचं नाही. दिवस मावळला. पाकळी हलली नाही. दुसऱ्या दिवशी पाकळ्या सुकून वळल्या, तरी जागच्या सुटल्या नाहीत. देवीने तोंड फिरवलं असं लोक बोलू लागले. आवडू दाराकडे बघायची आणि परत खाली बसायची. आपण उठलो आणि त्यामुळे नकार आला तर, याचं तिला भय होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. येसू गेली. जाताना दोनदा आई म्हणाली होती.

तेव्हा आवडू उठली. गाभाऱ्यात जाऊन तिने उजव्या खांद्यावरची पाकळी धरली. निघेना. नखाने खरवडली, तर नखात चीक आला. फणसाचा चीक. ती सासऱ्याकडे बघत राहिली. धाकूची मान वर होईना.

त्याने काय केलं होतं, ते सांगतो. डावी पडेल या भीतीने त्याचा जीव अर्धा झाला होता. नातीच्या जिवाचा प्रश्न, नकार त्याला ऐकवला नसता. म्हणून डाव्या पाकळीखाली त्याने चीक लावला, आणि तेच चिकट बोट नकळत उजवीलाही लागलं. आवडू त्याला हळूच म्हणाली, "मामानू, देवी बोलूक नाय असा म्हणा नको. तुमी तिचा तोंड चिकटवलात."

मग बाहेर येऊन तिने गावाला एवढंच सांगितलं, "उजवी पडली. खणूक लागा."

गाव वाचलं. रोज सगळ्यांचे करांदे झऱ्यात ठेवायचं काम आवडूने अंगावर घेतलं. स्वतः मात्र ती वाहत्या पाण्यात न ठेवलेला कडूच करांदा गिळायची, असं म्हणतात. पुढे धाकूनेच गावासमोर कबुली दिली. लोक त्याच्यावर धावून गेले, तर आवडू आडवी आली. तिने दोन गोष्टी सांगितल्या. भुकेसाठी देवीला विचारायचं नाही, राईत जायचं आणि खणायचं. आणि बाकी कशासाठी विचारलंत, तर ज्याच्यासाठी विचारलं त्याच्यापाशी जाऊन बसायचं.

यात चमत्कार कुठे आहे, असं पाहुणे मला विचारतात. नाहीच. देवीने तेव्हा काय उत्तर दिलं असतं, ते कुणालाच कधी कळणार नाही. आम्ही ते तसंच घेऊन जगतो.

आजही नेरवंड्यात कुणी पाकळीची वाट बघत नाही. तीन वर्षांमागे माझी बायको तालुक्याच्या दवाखान्यात होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी सकाळी पाकळ्या लावल्या. पाय निघत नव्हता, खोटं कशाला बोलू. तरी पाठ फिरवली, पेजेचा डबा घेतला आणि एसटीत बसलो. पाकळी कुठली पडली, मला माहीत नाही. बायको चार दिवसांनी गेली. तिने हाक मारली तेव्हा मी तिच्या उशाशीच होतो.